डॉक्टरबाई, तुम्ही आधी नखं बघितलीत

आदरणीय डॉक्टरबाई,
सप्रेम नमस्कार.

फोंड्याच्या तुमच्या दवाखान्यात मी आलो होतो कोपरावरचे चट्टे दाखवायला. तुम्ही मात्र आधी माझे हात दिव्याखाली धरून नखं बघितलीत. त्यांवर बारीक बारीक खड्डे होते. मग विचारलंत, "सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली असतात?" आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. मधलं बोट चोरिसासारखं (आमच्याकडच्या मांसाच्या सॉसेजसारखं) फुगलेलं, भजनाला पेटीवर सूर धड दाबता येत नव्हते, आणि तरीही "आरए फॅक्टर (संधिवातासाठीची रक्ततपासणी) निगेटिव्ह आहे, संधिवात नाही" म्हणून एका ठिकाणाहून मला घरी पाठवलं होतं. माझे चट्टे सोरायसिसचे, आणि त्याच्यासोबत येणाऱ्या संधिवातात, म्हणजे सोरायटिक आर्थ्रायटिसमध्ये, ही टेस्ट बहुतेकदा निगेटिव्हच येते, हे तुमच्याकडून कळलं.

आमच्या वाड्यावर सगळ्यांचं एकच, "अंगावर जंतू झालेत." कुणी कडुनिंबाचं पाणी सुचवी, कुणी जंतुनाशक साबण. मी तेच विचारलं, तर तुम्ही हसण्यावारी नेलं नाहीत. जंतू प्रत्येकाच्याच कातडीवर नांदतात, सोरायसिसच्या चट्ट्यांवर त्यांचं प्रमाण बदलतं, स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू जास्त सापडतो, असं सांगितलंत. आधी जंतू बदलतात की आधी चट्टा उठतो, याचा निकाल अजून लागलेला नाही, हेही लपवलं नाहीत. (सगळं ठाऊक असल्याच्या थाटात बोलणारे मला पुष्कळ भेटलेत.) मग ती एलएल-३७ ची गोष्ट. जंतू मारायला कातडी स्वतःच हे प्रथिन बनवते आणि चट्ट्यांत ते भरमसाट असतं, म्हणून चट्टे फुटले तरी सहसा पिकत नाहीत. पण तेच प्रथिन आपल्याच पेशींच्या डीएनएला चिकटलं की शरीर त्याला शत्रू समजून उठतं. हे २००७ साली दाखवलं गेलं म्हणालात. माझ्या बोटात जंतू शिरलेले नाहीत, तिथेही आपलीच प्रतिकारशक्ती उलटली आहे, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

पुतण्याचंही तसंच. घसा दुखून गेल्यावर दोनेक आठवड्यांनी त्याच्या पाठीवर थेंबाएवढे लाल ठिपके उठले. तुम्ही ठिपक्यांआधी घसा तपासलात, कारण स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूच्या घसादुखीनंतर असा सोरायसिस उठतो, विशेषतः मुलांत आणि तरुणांत. अँटिबायोटिकनं घसा बरा होईल, ठिपके त्यानंच जातील अशी हमी नाही, हे त्याच्या आईला दोनदा समजावलंत.

संधिवाततज्ज्ञांनी मला मेथोट्रेक्सेट ही गोळी लिहून दिली. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज घेतली तर जिवावर बेतेल, म्हणून तुम्ही पाकिटावर मोठ्या अक्षरात 'सोमवार' लिहून दिलंत. मंगेशीची पालखी सोमवारी, म्हणजे विसरणार नाही, हे तुमचं डोकं. गोळी चालू असेतो हुर्राकाला (काजूच्या दारूला) हात लावायचा नाही, हे ऐकून मात्र मी हिरमुसलो, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

आणि मंडळातले दोघे माझ्यानंतर पेटीला हात लावायला कचरत होते. त्यांना तुम्ही फोनवर समजावलंत की हा रोग शिवल्यानं लागत नाही. त्या फोनाचे आभार कसे मानू ते कळत नाही. चवथीला घरी या. नेवऱ्या नको म्हणायच्या नाहीत.

आपला कृतज्ञ,
भजनी मंडळातला पेटीवाला