व्हायोला वाजवणाऱ्या पोरीला ‘सोलो कधी?’ असं विचारू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी भाची व्हायोला वाजवते. व्हायोलिन नाही, व्हायोला, ते जरा मोठं असतं आणि आवाज खालचा, जाडसर. यंदा जुलैमध्ये ती जपानला साप्पोरोला जाऊन आली, पॅसिफिक म्युझिक फेस्टिव्हलच्या ऑर्केस्ट्रात वाजवायला. हा फेस्टिव्हल १९९० साली अमेरिकन संगीतकार आणि कंडक्टर लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी सुरू केला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते गेले, पण काम थांबलं नाही. अजूनही दर उन्हाळ्यात जगभरातली पोरं ऑडिशन देऊन तिथे येतात आणि शिकवायला व्हिएन्ना, बर्लिन फिलहार्मोनिक अशा नामवंत ऑर्केस्ट्रांमधले वादक असतात. आमची पोरगी वसईहून विरार लोकलच्या गर्दीत व्हायोलाची पेटी छातीशी धरून इतकी वर्षं चर्चगेटला क्लासला जात होती, तिला तिथे जागा मिळाली म्हटल्यावर घरात आम्ही सगळेच रडलो.

परत आल्यावर गावात सत्कार झाला, शाल श्रीफळ वगैरे, लोकांनी प्रेमानेच केलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण जो येईल तो एकच विचारतो, सोलो होता का गं तुझा, म्हणजे एकटीने पुढे येऊन वाजवलंस का? ती नाही म्हणाली की समोरच्याचा चेहरा पडतो, एक काका तर म्हणाले, मग एवढ्या लांब जाऊन मागे बसून वाजवलंस? ती हसली खरी पण घरी आल्यावर जेवली नाही. म्हणून हे पत्र.

ऑर्केस्ट्रात दहाबारा व्हायोला असतात आणि त्या सगळ्यांचा मिळून एकच आवाज यावा लागतो. बो, म्हणजे वाजवायचा गज, वर जाणार की खाली हे सगळ्यांचं सारखं, कुठल्या सुरावर किती दाब हेही सारखं. दोघांत नोटेशन ठेवायचा एक स्टँड असतो, आतल्या बाजूला बसलेल्याने पान उलटायचं आणि तेवढ्यात दुसऱ्याने सूर सोडायचा नाही. भाचीच्या शेजारची मुलगी दुसऱ्याच देशाची, दोघींचं इंग्रजी यथातथाच, तरी तिसऱ्या दिवसापासून एकमेकींकडे न बघता पान उलटायला लागल्या. हे एकट्याने घरी रियाज करून येत नाही हो, त्यासाठी माणसं लागतात आणि आपल्याकडे ती माणसंच कमी आहेत. अख्ख्या देशात पूर्णवेळ प्रोफेशनल सिंफनी ऑर्केस्ट्रा एकच, २००६ साली मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सुरू झालेला, आणि मोठ्या कार्यक्रमांना त्यांनाही बाहेरून वादक बोलवावे लागतात. जगप्रसिद्ध कंडक्टर झुबिन मेहता १९५४ साली अठरा वर्षांचे असताना व्हिएन्नाला गेले ते काय हौस म्हणून नाही, जे शिकायचं होतं ते इथे नव्हतं. आणि आपल्या जुन्या हिंदी गाण्यांत मागे जी व्हायोलिन्स वाजतात ती वाजवणारे कितीतरी गोव्याचे लोक होते, रेकॉर्डच्या कव्हरवर त्यांची नावं नसायची. ती व्हायोलिन्स काढून टाका आणि मग गाणं ऐकून बघा.

आता जाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांसाठी दोन गोष्टी, कारण आम्हाला कोणी सांगितल्या नाहीत. एक म्हणजे व्हायोलाची पेटी केबिन बॅगच्या मापात बसत नाही. चेक इन काउंटरवर आम्हाला सरळ सांगितलं की खाली लगेजमध्ये टाका, मी हात जोडले, त्यांच्याच वेबसाइटवरचा नियम प्रिंट काढून नेला होता तो दाखवला, पाऊण तास गेला तेव्हा कुठे वर न्यायला दिली. तो कागद नसता तर काय झालं असतं या विचाराने मला अजून धडकी भरते, म्हणून प्रिंट न्याच आणि आधी फोन करून नावावर नोंद करून घ्या. दुसरं, वाद्य महागाचं असेल तर जातानाच विमानतळावर कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, म्हणजे येताना हे तिकडून विकत आणलं का असं विचारून ड्युटी मागणार नाहीत. वेळ लागतो, लवकर पोचा.

आणि हो, तारा ताणायच्या लाकडी खुंट्या. आपल्या पावसात त्या फुगून घट्ट बसतात आणि विमानातल्या कोरड्या हवेत आकसतात, तिने साप्पोरोत पेटी उघडली तर चारही तारा सैल पडलेल्या, पहिल्या रिहर्सलला दोन तास उरलेले. खुंट्यांना खडू चोळून, थोडंथोडं करत सूर लावला, आणि तोही ४४२ला (म्हणजे ‘ए’ हा सूर ४४२ हर्ट्‌झला, किंचित चढा), इथे आपण ४४०ला लावतो. हे सगळं तिने एकटीने केलं, मला रात्री फोनवर सांगितलं.

मागच्या रविवारी चर्चच्या क्वायरमधल्या लहान मुलांना ती शिकवत होती. म्हणाली, सुरुवात करायच्या आधी सगळ्यांनी मिळून एक श्वास घ्यायचा, हाताने खूण करायची नाही, नुसता श्वास. चारपाच वेळा चुकले. मग एकदा सगळे एकदम लागले आणि ती पोरं स्वतःच दचकून एकमेकांकडे बघायला लागली.

आपला,
तिचा मामा, वसई