जादू आणि शब्दभ्रमाची जुनी पुस्तके रद्दीत नकोत

महोदय,

जादूचे प्रयोग आणि शब्दभ्रम, म्हणजे ओठ न हलवता बाहुला बोलतो आहे असा भास निर्माण करण्याची कला, शिकवणारी जुनी पुस्तके ग्रंथालयांतून बाद होतात, तेव्हा कुणाला फारसे वाईट वाटत नाही. युक्ती चित्रफितीत दोन मिनिटांत दिसते, मग जाडजूड पुस्तकाने कपाट कशाला अडवायचे, असा त्यामागचा हिशेब असतो. अशाच एका बाद गठ्ठ्यातून शब्दभ्रमाचे एक इंग्रजी पुस्तक मी उचलून आणले आणि हा हिशेब मला पटेनासा झाला.

प, ब, म हे वर्ण ओठ मिटल्याशिवाय उच्चारता येत नाहीत. बाहुल्याला बोलते करणाऱ्याची खरी अडचण तीच. दात किंचित विलग ठेवून, ओठ न हलवता, जिभेने ‘प’च्या जागी ‘त’, ‘ब’च्या जागी ‘द’ आणि ‘म’च्या जागी ‘न’ काढायचा, मनात मात्र मूळ वर्णच धरायचा, ही त्या पुस्तकातली रीत मी मराठीला लावून पाहिली. आरशासमोर पहिल्या दिवशी माझ्या ‘मामा’चा सरळ ‘नाना’ झाला आणि ‘बाबा’चा ‘दादा’! सुटा शब्द असा उघडा पडतो, पण वाक्याच्या ओघात ऐकणाऱ्याचा कानच दुरुस्ती करून घेतो. आवाज ‘फेकला’ जातो हाही गैरसमज आहे; आवाजाची दिशा ओळखण्यात कान कच्चा असल्यामुळे डोळ्यांना ज्याचा जबडा हलताना दिसतो, तोच बोलतो आहे असे आपण धरून चालतो.

या ग्रंथांची परंपराही क्षुल्लक नाही. रेजिनाल्ड स्कॉट यांनी 1584 मध्ये इंग्लंडमध्ये हातचलाखीची गुपिते छापली, ती चेटकाच्या आरोपाखाली निरपराध माणसे भरडली जाऊ नयेत म्हणून; पाते मुठीत सरकणाऱ्या दाभणाची आकृतीसुद्धा त्यांनी दिली. शब्दभ्रम हे पोटात बसलेल्या भुताचे बोलणे नव्हे, तर सरावाने साधणारे कसब आहे, हे फ्रान्समध्ये द ला शापेल यांनी 1772 मध्ये एका किराणा दुकानदाराचे उदाहरण देऊन मांडले. पुढे 1876 मध्ये ‘प्रोफेसर हॉफमन’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या इंग्रज वकिलाने नवशिक्यांना बजावले, की आपण काय करणार आहोत हे प्रेक्षकांना आधी सांगू नये. कारण एकदा ते कळले, की नेमके कुठे पाहायचे हेही प्रेक्षकाला कळते. चित्रफीत हात दाखवते. हे ‘का’ क्वचितच सांगते.

या पुस्तकांतला बराच मजकूर जुना झाला आहे, हे खरे. लांब शेपटीच्या कोटाचे चोरखिसे आज कोण शिवून घेणार? गुपित फुटण्याची भीती मात्र मला पोकळ वाटते. ज्याला केवळ गुपित हवे असते, तो शेकडो पाने वाचत बसत नाही.

म्हणून ग्रंथपालांना विनंती, की अशी पुस्तके बालविभागातल्या कोड्यांशेजारी न ठेवता रंगभूमीच्या विभागात ठेवावीत, आणि स्वामित्वहक्काची मुदत संपलेल्या प्रती आकृत्यांच्या पानांसह स्कॅन करून मगच बाद कराव्यात. माझ्या प्रतीतली आकृत्यांची चार पाने कुणीतरी ब्लेडने कापून नेली आहेत, त्यामुळे बाहुल्याच्या जबड्याची दोरी मानेतून नेमकी कशी ओवायची, हे मला अजून उमगलेले नाही.

आपला नम्र,
एक वाचक