केंजळगड मागे गेला

प्रिय बंड्या,

फोनवर हे नीट सांगता येणार नाही म्हणून लिहायला बसलोय, मागच्या वेळी सुरुवात केली होती पण तुला मीटिंगला पळायचं होतं. गेले दीड महिने मी एका जलरंगातल्या चित्रात अडकलो होतो, परवा सुटलो एकदाचा, आणि त्या चित्रात तू पण आहेस एका अर्थाने, म्हणून पहिलं तुलाच सांगतोय.

डिसेंबरात पाचगणीला सिडनी पॉइंटवर जाऊन बसलो होतो सकाळी. तुला आठवत असेल तिथून काय दिसतं ते, खाली कृष्णेचं खोरं, शेतांचे पट्टे, धोम धरणाचं पाणी, डावीकडून आलेली कमळगडाची सोंड आणि त्या सगळ्याच्या मागे रायरेश्वर-केंजळगडाची रांग. ऊन उजवीकडून येत होतं, खोऱ्यात धुकं आणि चुलींचा धूर मिसळून एक दुधट थर बसलेला. दोन तासात स्केच आणि रंगाच्या नोंदी घेतल्या आणि घरी येऊन हाफ इम्पिरियल कागदावर, म्हणजे तो १५ बाय २२ इंचाचा जाड, खरखरीत पोताचा कागद (३०० जीएसएमचा कोल्डप्रेस), त्यावर चार दिवस बसून चित्र पूर्ण केलं. आणि मनापासून सांगतो, मला ते फार आवडलं होतं. विशेषतः केंजळगडाचा कडा. एकेक चीर काढली होती रे, कातळाच्या वरची ती सपाट टोपी, खालचा उभा भाग, त्याची सावली, सगळं.

आमचं रविवारचं आठ-दहा जणांचं टोळकं आहे ना, बाहेर जाऊन रंगवतो आणि मग चहाच्या आधी सगळी चित्रं कट्ट्यावर ओळीने लावून बघतो, तिथे ते चित्र नेलं. पहिली दोन मिनिटं मस्त, भारी, काय निळा लावलाय वगैरे झालं. मग मीच म्हटलं की मला कायतरी खटकतंय, आत जाता येत नाहीये चित्रात, बोला स्पष्ट. आणि मग जे बोलले त्याने मी दोन दिवस चित्राचं तोंड बघितलं नाही.

आमच्यात ड्रॉइंगचे निवृत्त सर आहेत, ते आधी बराच वेळ काहीच बोलले नाहीत, नुसते डोळे किलकिले करून लांबून बघत राहिले. मग माझ्याच मोबाईलवर चित्राचा फोटो काढला, ब्लॅक अँड व्हाइट केला आणि माझ्या हातात दिला. बस. त्या फोटोत केंजळगडाचा कडा आणि माझ्या पायाजवळचं करवंदीचं झुडूप एकाच काळेपणाचे होते. रंग वेगळे होते म्हणून मला ते कळलंच नव्हतं, एक निळसर एक हिरवं, पण टोन, म्हणजे गडद-फिकेपणा, तोच. दहा किलोमीटरच्या वर लांब असलेला डोंगर आणि हाताला लागेल असं झुडूप एकाच पडद्यावर शेजारी शेजारी चिकटवल्यासारखे.

मग एक आर्किटेक्ट मुलगी येते हल्ली, तिने वेगळंच दाखवलं. म्हणाली दादा, तुमच्या सगळ्या रेषा आडव्याच आहेत. आणि खरंच की. आपला सह्याद्री तसाच आहे ना, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक, सगळे माथे सपाट, सगळे कडे आडव्या पट्ट्यांचे, हिमालयासारखी टोकदार शिखरं एकामागे एक नाहीत, म्हणून आपल्याकडे एका रांगेमागे दुसरी रांग आहे हे नुसत्या आकाराने कळत नाही, पट्ट्या एकावर एक रचल्यासारख्या दिसतात. शिवाय डावीकडच्या झाडाचा शेंडा मी बरोबर कमळगडाच्या कडेला टेकवला होता. ती म्हणाली हे दोघं एकमेकांना शिवले की कोण पुढे कोण मागे ते डोळ्याला ठरवता येत नाही, एक तर शेंडा वर काढा नाहीतर खाली घ्या, पण टेकवू नका.

तिसरे आमचे बोर्ड रंगवणारे अण्णा. त्यांनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आता फ्लेक्समुळे काम कमी झालंय, पण अक्षराला उठाव द्यायची त्यांची समज अशी आहे की मी कुठल्याच वर्गात तशी शिकवलेली बघितली नाही. ते म्हणाले, तुम्ही मागच्याला फार बोलू दिलंय, मागच्याला गप्प करा, पुढचं आपोआप बोलेल.

आणि ऑइलवाले एक जण आहेत ते म्हणाले की कशाला एवढा विचार, पुढे लाल लुगड्यातली एक बाई काढा, जाड रंगात, नजर तिथे थांबेल आणि मागचं मागे जाईल.

आता बघ, चौघांनी चार उपाय सांगितले आणि ते एकमेकांत बसत नाहीत. एक म्हणतो कमी कर, एक म्हणतो वाढव. मी घरी येऊन चिडलो, मग वाईट वाटलं, मग तिसऱ्या दिवशी शांतपणे आठवायला लागलो की बोलताना प्रत्येकाचा हात कुठे जात होता. आणि बंड्या, चौघांचं बोट केंजळगडावर जात होतं. लाल लुगडं सांगणाऱ्याचं पण. म्हणजे दुखतंय कुठे हे सगळ्यांना बरोबर दिसलं होतं, औषध मात्र ज्याने त्याने आपल्या पिशवीतलं दिलं, आणि ते साहजिकच आहे. तेव्हापासून मी असंच ऐकतो, उपाय कानावर घेतो आणि बोट कुठे पडतंय ते नीट बघून ठेवतो.

मी तळहाताने तो कडा झाकला. आणि लगेच पाणी मागे गेलं, शेतं पसरली, चित्रात हवा आली. हात काढला की पुन्हा सपाट.

तेव्हा मला कळलं मी काय केलं होतं. मी जे दिसत होतं ते रंगवलंच नव्हतं, मला जे माहीत होतं ते रंगवलं होतं. सेकंड इयरला आपण दोघं केंजळगड चढलो होतो, त्या कातळात कोरलेल्या पायऱ्या, उंच उंच, तू वरून हात दिला होतास मला, पाण्याची बाटली खाली गेली होती. मी पाचगणीला बसून त्या पायऱ्यांची जागा शोधत होतो रे. चित्रात एका ठिकाणी रिगर ब्रशने, म्हणजे त्या लांब केसांच्या बारीक ब्रशने, बारीक खुणा पण केल्या होत्या पायऱ्यांच्या, जे तिथून दिसणं शक्यच नाही. कोणालाच ते माहीत नव्हतं आणि तरी सगळ्यांचं बोट तिथेच.

दुरुस्त करायचा प्रयत्न आधी त्याच कागदावर केला. वर ट्रान्सपरंट शीट ठेवून त्यावर पांढऱ्या पोस्टर कलरने धुकं ओढून बघितलं, हे तू पण करून बघ कधी, चित्र खराब न करता कळतं. मग ओल्या फ्लॅट ब्रशने आणि टिश्यूने कड्याचा रंग उचलायला, म्हणजे पुसून काढायला घेतला. अल्ट्रामरीनचा निळा आणि बर्न्ट सिएनाचा तपकिरी बऱ्यापैकी निघाले पण खाली मी प्रशियन ब्लू वापरला होता, तो कागदात मुरतो, हिरवट डाग राहिला तो राहिलाच, आणि चोळून चोळून कागदाची लव निघाली. मग सोडून दिलं आणि नवीन कागद ताणला.

दुसऱ्यांदा मागून सुरुवात केली. सगळ्यात मागची रांग एकाच पातळ वॉशमध्ये, म्हणजे पाणीदार रंगाच्या एका हातात, कोबाल्ट निळ्यात लाइट रेडचा थेंब, बस, आत काही नाही, आणि ओला असतानाच डोंगराचा पाय पाण्याने सोडून दिला. हे सरांनी सांगितलं होतं, की खोऱ्यात थंड हवा आणि धूर खाली साचतो म्हणून लांबचा डोंगर माथ्याला गडद आणि पायाला फिका दिसतो, आपण उलटं करतो, पायाला वजन देतो. लांबचं निळं का दिसतं ते तुला माहीतच आहे, मधल्या हवेत निळा प्रकाश जास्त विखुरतो आणि तो आपल्या आणि डोंगराच्या मध्ये येऊन बसतो. लिओनार्दोने पाचशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की जितकं लांब तितकं निळं करा. मी पण हे वीस वर्षं ऐकतोय. पण मी त्याला निळ्या रंगाची गोष्ट समजत होतो, खरं तर मधल्या हवेची गोष्ट आहे ती, डोंगर रंगवायचाच नाही, त्याच्या आणि आपल्या मधलं अंतर रंगवायचं.

वॉश वाळल्यावर कमळगडाची सोंड, थोडी गडद, जांभळट. मग पाणी, त्याचा काठ सरळ न ठेवता नागमोडी आत नेला. शेतांचे पट्टे मागे जाताना बारीक बारीक होत गेले. झाडाचा शेंडा डोंगराच्या वर काढला. पुढचं वाळकं गवत पिवळट रॉ सिएनाने, जवळजवळ कोरड्या ब्रशने (ड्रायब्रश) खरखरीत, आणि करवंदीचं झुडूप चित्रातला सगळ्यात गडद भाग. लाल लुगड्यातली बाई नाही घेतली, त्या दिवशी तिथे कोणी नव्हतं आणि ती शांतता मला हवी होती.

परवा नेऊन लावलं कट्ट्यावर. अण्णा बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, आता पलीकडे गाव असेल असं वाटतंय. त्या डोंगराच्या पलीकडे, म्हणजे जिथे मी काहीच काढलेलं नाही तिथे. मला भरून आलं खरंच.

पायऱ्या गेल्या मात्र. पहिलं चित्र फाडलेलं नाही, हिरव्या डागासकट ठेवलंय, ते तुझं आहे, आलास की घेऊन जा.

दुसरं चित्र एवढ्यात कुरिअरने पाठवतोय, नळीत घालून. तू रोज बॅकग्राउंडच्या लेयरवर काम करतोस, तुझी नजर या बाबतीत आमच्या सगळ्यांपेक्षा तयार आहे. मधल्या पट्ट्यात पाणी आणि शेत जिथे मिळतात तिथे मला अजून थोडी शंका आहे, पण कुठे ते सांगत नाही. भिंतीला लाव, चार पावलं मागे जा, आणि पहिल्यांदा बोट कुठे जातं तेवढं मला फोन करून सांग. रात्री नऊनंतर कर, तेव्हा मी मोकळा असतो.

वहिनींना नमस्कार, पोरीला खूप खूप लाड.

तुझाच,
पम्या