छापील कापडाला शिबोरी म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळी कपड्यांवरच्या लेखासोबत 'हातरंगाईची शिबोरी' म्हणून जी निळी ओढणी दाखवली आहे, ती छापील आहे. शिबोरी म्हणजे कापड बांधून, शिवून किंवा आवळून रंगवण्याची जपानी पद्धत. फोटो नीट पाहा. एका टोकाचं तुटक कडेचं वर्तुळ दुसऱ्या टोकाला जसंच्या तसं पुन्हा आलंय. हाताने बांधलेल्या कापडात असं होत नाही, कारण दोरा दर गाठीला थोडा वेगळा ताणला जातो.

आम्ही काही जणी वेंगुर्ल्यात हे काम करतो. पावसात कापड वाळत नाही. म्हणून लावणी आटोपली की ओटीवर बसून नुसतं बांधून ठेवायचं आणि रंगवायचं दसऱ्यानंतर. मलमलीची खळ आधी धुऊन काढावी लागते, नाहीतर रंग डागाडागांनी बसतो. मग कुठे धावदोरा घालून तो गच्च ओढायचा, कुठे घड्या घालून दोन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्या आवळायच्या. 'अराशी' या प्रकारात कापड नळीवर तिरकं गुंडाळून वरून दोरा फिरवतात आणि सगळं एका टोकाला दाबत नेतात; त्याला आम्ही पोफळीच्या बागेतला जुना पाइप वापरतो. निळीच्या पिपातून कापड निघतं ते हिरवट, हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. एका बुडवणीत गडद रंग चढत नाही. बुडवायचं, वाऱ्यावर धरायचं, पुन्हा बुडवायचं. रंगवणं त्या मानाने लवकर होतं. दिवस जातात ते बांधण्यात, आणि दाट ठिपक्यांच्या 'कानोको'त तर फारच.

जपानात आरिमात्सु हे या कामाचं गाव, आता ते नागोया शहरात आहे. ते 1608 मध्ये तोकाइदो या राजरस्त्यावर वसलं आणि वाटसरूंना रंगीत पंचे विकून नावारूपाला आलं. तिथेही बांधणीचं काम घरोघरी बायकांकडेच जाई. आपल्याकडे कच्छची बांधणी नि राजस्थानचा लहरिया याच जातीचे, तेव्हा हे कौशल्य आपल्याला परकं नाही.

ओळखायचं कसं, तेही सांगते. चुण्या आणि सुईची भोकं पाहायला सांगतात, पण दोन धुण्यांत ती जातात. कापडाची उलटी बाजू फिकी असेल तर बहुधा छपाई. मात्र पातळ मलमलीवर छपाईही आरपार उतरते. खरी खूण एकच: शेजारशेजारच्या दोन नक्षी ताडून बघा.

छापील कापड वाईट असं मी म्हणत नाही. स्वस्त असतं, ज्याला परवडेल त्याने आनंदाने घ्यावं. पण हंगामात किनाऱ्यावरच्या दुकानांत तेच दोनशे रुपयांना 'हँडमेड शिबोरी' म्हणून विकतात, आणि पर्यटक आमच्याकडे येऊन तोच भाव मागतात. आमच्यातली एक परवा वैतागून म्हणाली, "मगे आमी कित्याक बांधूचा?" तिला काय उत्तर देऊ?

पुरवणीत दुरुस्ती छापावी, आणि दुकानदारांनी चिठ्ठीवर 'छापील' एवढा शब्द लिहावा, ही विनंती. आपला वार्ताहर दिवाळीनंतर आला, तर बांधण्यापासून सोडण्यापर्यंत सगळं दाखवू.

आपली,
एक वाचक, वेंगुर्ला