बडोद्याची शिष्यवृत्ती पुन्हा न्यूयॉर्कला जाऊ द्या

मा. संपादक,
स. न.

दरवर्षी जुलैत न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात शाश्वत विकासाचा उच्चस्तरीय राजकीय मंच भरतो. 2015 साली सगळ्या देशांनी 2030 पर्यंतची 17 उद्दिष्टे मान्य केली. ती कुठवर आली याचा हिशेब तिथे होतो. मुले व युवकांच्या गटातून मला तिथे बसायला मिळाले. त्यावरून सुचलेली एक मागणी बडोदेकरांपुढे ठेवते.

तरुणांची तिथली जागा हा कुणाचा उपकार नाही. 1992 साली रिओत भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण व विकास परिषदेने युवकांसह नऊ गटांना या कामात सहभागी मानले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या 2013 च्या ठरावाने या गटांना मंचाच्या अधिकृत बैठकांना बसण्याचा, कागदपत्रे पाहण्याचा आणि बोलण्याचा हक्क दिला. मत मात्र देशांचेच. सभागृहात पुढे देशांच्या नावांच्या पाट्या, मागे आम्ही. पाळी आली तर बोलायला जेमतेम दोन-तीन मिनिटे, आणि तेवढ्यासाठी गटातली मुले रात्री उशिरापर्यंत एकेक वाक्य घासत बसलेली.

खरी मेख वेगळीच आहे. जुलैतल्या मंत्रिस्तरीय घोषणापत्राचा मसुदा देशांचे प्रतिनिधी आधीचे कित्येक आठवडे वाटाघाटी करून घडवतात. एकमत नसलेला मजकूर कंसात पडून असतो. युवकांच्या लेखी सूचनांचा उपयोग व्हायचा तो तेव्हाच. जुलैत नुसते विमानातून उतरणाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नाही. म्हणून तिकिटाइतकेच महत्त्वाचे असतात ते आधीचे अभ्यासाचे महिने. ते परवडतात कुणाला? माझ्या बाबांनी मुदत ठेव मोडली. माझ्याहून चांगली तयारी असलेली मैत्रीण व्हिसाच्या मुलाखतीची तारीख वेळेत न मिळाल्याने इथेच राहिली.

अकराव्या उद्दिष्टात पूर आणि इतर आपत्तींतली हानी कमी करण्याचे, गरिबांना जपण्याचे कलम आहे. ऑगस्ट 2024 मध्ये आपल्या विश्वामित्री नदीने 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, घरांत पाणी शिरले, वस्त्यांत मगरी आल्या, ते ज्याने पाहिले त्याला हे कलम समजावून सांगावे लागत नाही. मनिलाच्या एका मुलीला मी हे सांगितले, तर तिने लगेच विचारले, "वरचे पाणी सोडण्याआधी काठच्या लोकांना किती तास मिळतात?" तिच्या घरातही पाणी शिरलेले होते. मसुद्यावर बोलायला अशीच मुले हवीत, आणि ती आपल्या नदीकाठी आहेत.

1913 साली बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. कुणाच्या शिक्षणावर पैसा लावावा, हे या शहराला तेव्हा कळत होते. आज महानगरपालिका, विद्यापीठ आणि इथले उद्योजक मिळून वर्षाला दोन तरुणांचा खर्च सहज उचलू शकतील. निवड काठच्या वस्त्यांतून व्हावी, इंग्रजी सफाईदार नसले तरी चालेल, ते शिकवता येते. आधीचे सहा महिने त्यांनी विश्वामित्रीचा आणि मसुद्याचा अभ्यास करावा, आणि परतल्यावर जाहीर सभेत नगरसेवकांसमोर तिथला वृत्तांत मांडावा.

व्हिसाला लागणारा वेळ धरला तर नावे हिवाळ्यातच ठरायला हवीत. तेव्हा महापालिकेचे अंदाजपत्रक मांडले जाण्याआधी हा विषय स्थायी समितीपुढे यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक विद्यार्थिनी, दांडिया बाजार, बडोदे