डीएपीच्या गोणीसोबत मायकोरायझाची सक्ती कशाला?

संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. खरीप तोंडावर आला की खतांच्या लिंकिंगच्या (एक खत हवं तर सोबत दुसरा माल घ्यायची सक्ती) बातम्या तुमच्या पेपरात येतात, पण त्या सगळ्या पैशाच्या बाजूने असतात, शेतकऱ्याच्या गळ्यात नको ते मारलं, एवढे रुपये उकळले वगैरे. ते खरंच आहे. पण यंदा आमच्या भागातल्या एका दुकानात डीएपी खत हवं असेल तर मायकोरायझाची पिशवी घ्यावीच लागतेय, आणि मजा म्हणजे त्यातली पहिली वस्तू दुसरीच्या मुळावर उठणारी आहे, ह्यावर कोणी चकार शब्द काढत नाही म्हणून हे पत्र.

मायकोरायझा म्हणजे झाडाच्या मुळांत राहणारी बुरशी, रोगाची नाही, कामाची. स्फुरद (फॉस्फरस) जमिनीत फारसा हलत नाही, आपल्या काळ्या रानात तो चुन्याशी बांधला जातो, कोकणात जांभ्या मातीत लोखंड-अॅल्युमिनियमशी, त्यामुळे मुळाच्या अगदी लगतचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा झाला की मूळ उपाशी. बुरशीचे धागे त्याच्या पुढे काही सेंटीमीटर जातात, मूळ शिरूच शकत नाही अशा फटीतून स्फुरद न् जस्त आणून देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर आणि स्निग्ध पदार्थ घेतात. फुकट काही नाही. म्हणूनच स्फुरद आयता मिळायला लागला की झाड ह्या बुरशीला दारात उभं करत नाही, तिला बोलावणं धाडायचं जे रसायन असतं, स्ट्रायगोलॅक्टोन, तेच मुळं कमी सोडतात. (ज्वारीच्या मुळावर जगणारं तण, टारफुला, तो पण ह्याच रसायनाच्या इशाऱ्यावर उगवतो, म्हणजे दोस्ताला मारलेली हाक चोराने ऐकल्यासारखं, पण तो विषय वेगळा.) आता डीएपीत स्फुरद आहे 46 टक्के. ते भरपूर टाकायचं आणि वर बुरशी विकत आणायची, ह्याला काय म्हणायचं?

आमच्या कांद्याला ही बुरशी खरंच लागते हो. कांद्याचं रोप उपटून मुळं धुवून बघा, पांढऱ्या दोऱ्यांचा झुपका असतो, फाटे कमी आणि केसमुळं जवळपास नाहीतच, त्यामुळे त्याला हा जोडीदार हवाच. पण त्याच दुकानात फ्लॉवर लावणाऱ्यालाही तीच पिशवी दिली! कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी ह्या घराण्याची ह्या बुरशीशी सोयरीकच होत नाही, पालक-बीटाचं पण तसंच. तिथे ते पैसे सरळ मातीत.

बरं, जिथे सोयरीक होते तिथे तरी हमखास फायदा आहे का, तर तसंही नाही. स्वित्झर्लंडमध्ये 54 शेतांत मक्याला ही बुरशी देऊन बघितली, 2023 ला निकाल छापून आले, कुठे वाढ 40 टक्क्यांपर्यंत जास्त तर कुठे उलट 12 टक्के कमी, आणि फायदा जास्त करून तिथे झाला जिथे जमिनीत रोगाच्या बुरश्या आधीपासून जास्त होत्या. म्हणजे आधी रान तपासा मग पुडी फोडा. आपल्याकडे तपासायचं कुठे? 2015 पासून मृद आरोग्य कार्ड मिळतंय, त्यात नत्र-स्फुरद-पालाशापासून सामू (पीएच), बोरॉनपर्यंत 12 गोष्टी आहेत, त्यात सेंद्रिय कर्ब सोडला तर जिवंत मातीचा अंदाज देणारं काहीच नाही.

जिवाणू खत लागू पडलंय का हे बघणं सोयाबीनवाल्यांना त्या मानाने सोपं आहे. झाड अलगद खणून काढायचं, मुळावरची गाठ नखाने फोडायची, आत गुलाबी-लालसर निघाली तर गाठीतले रायझोबियम जिवाणू नत्र देताहेत, पांढरी किंवा हिरवट निघाली तर नाही. खत नियंत्रण आदेशात 2006 ला जिवाणू खतं आली, रायझोबियमच्या पुडीत ग्रॅममागे किमान 5 कोटी जिवंत पेशी पाहिजेत असा नियम आहे. पण पत्र्याच्या शेडमध्ये मे महिनाभर तापलेल्या पुडीत किती जिवंत उरत असतील ते तुम्हीच सांगा. मायकोरायझाचं तर आणखी अवघड, ती बुरशी नुसत्या खाद्यावर वाढतच नाही, तिला जिवंत मूळच लागतं, त्यामुळे चांगला माल तयार करणं कटकटीचं आणि खर्चाचं काम, आणि भेसळ मात्र कोणालाही जमते, कारण डोळ्यांनी कळणार काय?

मुळांच्या आत बुरशी शिरलीय का हे बघायला फार मोठी लॅब लागत नाही. मुळाचे तुकडे कॉस्टिक पोटॅशच्या (खताचं पोटॅश नव्हे) पाण्यात उकळायचे, मग व्हिनेगरमध्ये पेनाची शाई टाकून त्यात रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे, निळे धागे दिसतात. कृषी विज्ञान केंद्रांनी एवढं तालुक्यात सुरू करायला काय हरकत आहे? तोवर ही सक्ती तरी बंद करा. आणि तुमच्या वार्ताहराने दोन-चार दुकानांत जाऊन पिशव्यांवरच्या मुदतीच्या तारखा बघितल्या आणि त्या उन्हात ठेवल्यात का सावलीत तेवढं छापलं, तरी आमच्यासाठी ते कामाचं होईल.

आपला,
एक कांदा उत्पादक, ता. निफाड, जि. नाशिक