केमोची जुनी फाईल आणि रद्दीवाला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सहा वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगातून बरी झालेली माझी मोठी बहीण गेल्या हंगामात कापूस वेचताना दम लागून वारंवार धुऱ्यावर बसू लागली. ओटीची गाठ जिथे कमरेला घासते तिथे काळेनिळे डाग उमटले होते आणि हिरड्यांतून रक्त येत होते. गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून तीनदा सलाईन लावले. रक्त तपासेपर्यंत महिना उलटला. अखेर अस्थिमज्जेच्या तपासणीत दुय्यम तीव्र मायलॉइड ल्युकेमियाचे निदान झाले.

'दुय्यम' म्हणजे सौम्य, असे आम्हाला आधी वाटले. प्रत्यक्षात पूर्वीच्या केमोथेरपीमुळे, किरणोपचारामुळे किंवा अस्थिमज्जेच्या जुन्या विकारातून उद्भवणारा हा रक्ताचा कर्करोग उपचारांना एरवीपेक्षा कमीच दाद देतो. सायक्लोफॉस्फामाइडसारख्या औषधांनंतर तो बहुधा 5 ते 10 वर्षांनी, तर डॉक्सोरुबिसिन किंवा इटोपोसाइडनंतर अनेकदा 1 ते 3 वर्षांतच दिसतो. हा धोका थोड्याच रुग्णांना असतो, त्यामुळे केमो टाळावी असा अर्थ कृपया कोणी काढू नये. त्याच औषधांनी माझ्या बहिणीला सहा वर्षे दिली.

मोठ्या रुग्णालयात पहिला प्रश्न जुन्या फाईलचा आला, आणि ती आम्ही घराची डागडुजी करताना रद्दीत घातली होती. सायटाराबिन 7 दिवस व डॉनोरुबिसिन 3 दिवस ही या आजाराची रूढ उपचारपद्धती आहे. परंतु डॉनोरुबिसिन डॉक्सोरुबिसिनच्याच जातीचे असल्याने, आधी एकूण किती मात्रा शरीरात गेली हे कळल्याशिवाय ते देणे हृदयासाठी जोखमीचे ठरते. तिचे वय आणि ही अनिश्चितता पाहून अझासिटिडीन व व्हेनेटोक्लॅक्स ही तुलनेने सौम्य औषधे सुरू करण्यात आली. आजार समूळ जाण्याची खरी आशा दात्याच्या मूळपेशींच्या (रक्त तयार करणाऱ्या पेशींच्या) प्रत्यारोपणात असते, पण ते तिला झेपणारे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. आता प्लेटलेटसाठी दाते घेऊन आम्ही नागपूरच्या फेऱ्या मारतो.

आरोग्य विभागाने कर्करोगाचे उपचार संपलेल्या प्रत्येक रुग्णाला औषधांची नावे, एकूण मात्रा आणि तारखा असलेले टिकाऊ कार्ड मराठीत द्यावे, आणि असे कार्ड दाखवणाऱ्या रुग्णाला थकवा किंवा डाग आढळताच ग्रामीण रुग्णालयात सलाईनआधी रक्तपेशींची संपूर्ण तपासणी करून मिळावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ